संदुकीच्या झाकणातली चित्रं



आज मी जुन्या संदुकीबद्दल बोलणार आहे. कोणी पत्र्याची पेटी म्हणतं, कोणी ट्रंक म्हणतं, आपल्याकडे संदूक. तिच्यासोबत पाट, चौरंग, देव्हारा, भांड्यांची फळी, लाकडी आलमारी हे सामानही आलं. आणि मुख्य म्हणजे या सगळ्यावर चिकटवलेला कागद.

निमित्त असं, की सध्या बचत गटांमध्ये एक प्रशिक्षण बरंच चालतं. छापील कागदातली फुलं-पानं कापायची, जुन्या पेटीवर, स्टुलावर, ट्रेवर चिकटवायची आणि वरून वार्निशचे हात द्यायचे. जुनी वस्तू नव्यासारखी दिसते. या कामाला डेकूपाज म्हणतात. शब्द फ्रेंच भाषेतला आहे, अर्थ एवढाच की कापून काढणं. शब्द परका, म्हणून बायांना वाटतं की कलाही परकी, आणि आपल्याला आता नव्याने कोणीतरी शिकवतंय.

तसं नाही. हे काम जगात सुरू झालं ते महागडी वस्तू परवडत नाही म्हणून. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते केव्हाच केलेलं आहे. फक्त त्याला कोणी कला म्हटलं नाही, आणि त्याचा दामही कोणी दिला नाही. ही सगळी गोष्ट आज क्रमाने सांगते.

गरिबांची लाख

सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा काळ. युरोपातल्या श्रीमंतांना चीन-जपानहून येणाऱ्या काळ्या आणि लाल चकचकीत पेट्यांचं वेड लागलं होतं. त्या पेट्यांवरचा लेप एका झाडाच्या चिकापासून करतात. एक पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा थर. एकेका वस्तूला महिनोन्महिने लागत. किंमत राजे-सरदारांनाच परवडेल अशी, आणि तो चीक युरोपात मिळतही नव्हता.

तेव्हा इटली देशातल्या व्हेनिस शहरात कारागिरांनी युक्ती काढली. हाताने चित्र काढण्याऐवजी त्यांनी छापील चित्रांचे कागद घेतले. ते रंगवले, कात्रीने बारीक कापले, लाकडावर चिकटवले. मग झाडाच्या राळेचं वार्निश इतक्या वेळा चढवलं, की वरून बोट फिरवलं तरी कागदाची कडा हाताला लागू नये. बघणाऱ्याला वाटे, कोणी कसबी चिताऱ्याने रंगवलेलं कपाट आहे. व्हेनिसच्या जवळ बासानो नावाच्या गावात रेमोंदिनी घराण्याचा मोठा छापखाना होता. तिथून अशा कापायच्या चित्रांचे कागद छापून बाहेर पडत.

इटलीत या कामाला 'लाका पोवेरा' म्हणतात. पोवेरा म्हणजे गरीब आणि लाका म्हणजे लाख. गरिबांची लाख! आणि गंमत ऐका, हा लाका शब्द आपल्याच 'लाक्षा' शब्दातून देशोदेशी फिरत तिकडे पोचला आहे.

पुढे हे काम कारागिरांच्या हातून घरातल्या बायकांच्या हातात आलं. इंग्लंडमध्ये १७६० च्या सुमारास रॉबर्ट सेयर नावाच्या प्रकाशकाने खास बायकांसाठी एक पुस्तक काढलं. त्यात पक्षी, फुलं, माणसं, फुलपाखरं अशी दीड हजाराच्या वर छोटी चित्रं होती. ती रंगवायची, कापायची आणि पेट्या-पंख्यांवर चिकटवायची. पुस्तकाच्या नावाचा अर्थ होता 'बायकांची करमणूक'. म्हणजे तेच काम व्हेनिसच्या कारखान्यात झालं तर ते उत्पादन, आणि बाईने घरी केलं तर ती करमणूक. हा फरक लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

त्याच देशातली मेरी डेलानी ही बाई मात्र नाव ठेवून गेली. तिचा जन्म १७०० चा. दुसऱ्यांदा वैधव्य आलं आणि वयाच्या ७२ व्या वर्षी तिने कात्री हातात घेतली. रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, काळ्या कागदावर एकावर एक चिकटवून ती फुलांची चित्रं करू लागली. पाकळी, पुंकेसर, पानाची शीर, सगळं कागदाचं. दहा वर्षांत तिने जवळपास एक हजार फुलं केली आणि नजर गेल्यावरच थांबली. तिचं काम आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे. गटात एखादी मावशी म्हणते ना, "आता या वयात माझ्याच्यानं काय होते?" तिला ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्या पळसावरची लाख

आता चित्रावरच्या चकाकीकडे येऊ. कागद टिकतो तो वरच्या लेपामुळे, आणि त्या लेपाचं एक मोठं साधन आपल्याच रानात आहे.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो. तो रस शोषतो आणि अंगाभोवती राळ सोडतो. तीच लाख. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडच्या बायांना मी हे सांगायची गरज नाही. फांदीवरून खरवडलेली लाख धुतात, वितळवतात आणि तिचे पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. चपडा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. सुतार त्याचं पॉलिश करतात आणि म्हणतात फ्रेंच पॉलिश! नाव फ्रान्सचं, माल आपल्या झाडाचा.

या लाखेला एके काळी जगभर मागणी होती. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्यापासून बनत. आज तुम्ही रेडिओवर आवाज ऐकताय, पण तुमच्या पणजीने तबकडीवर गाणं ऐकलं असेल तर ते लाखेवर कोरलेलं होतं. लाखेचं महत्त्व एवढं होतं, की १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला खास लाखेवर संशोधन करणारी संस्था सुरू झाली.

लाखेचं रंगकाम आपल्या राज्यातही जुनं आहे. कोकणात सावंतवाडीला चितारी घराण्यांनी पाट, चौरंग, पेट्या आणि गंजिफा रंगवण्याची परंपरा जपली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात. कापडाला चिंचोक्याची खळ लावून कडक करायचं, त्यावर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, चित्र काढायचं आणि वरून लाख. गेल्या शतकात ही कला जवळपास संपत आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या आणि राजवाड्यातच कारागिरांना कामाला बसवलं. आजही तिथे हे काम पाहायला मिळतं.

पण सावंतवाडीचा रंगवलेला चौरंग आपल्याकडच्या शेतमजुराच्या घरात कुठून येणार? तिथे आला तो कागद.

रंगीत कागद गावात आला

१८६७ मध्ये नागपूरला आगगाडी आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. त्यातून देवादिकांची आणि थोर माणसांची रंगीत चित्रं निघू लागली. १८९४ मध्ये चित्रकार राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना सुरू केला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला ही चित्रं पूर्वी राजवाड्यात तेलरंगात असत, ती आता छापील होऊन घराघरात गेली. ज्याला देवळात शिरायची बंदी होती, त्याच्याही भिंतीवर देव आला. आगगाडीमुळे हा कागद बाजाराच्या गावापर्यंत पोचला आणि तिथून बैलगाडीने आपल्या गावात.

कागद यायच्या वाटा आणखीही होत्या. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्राचं टिकीट चिकटवलेलं असे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून माल ओळखता यावा. पुढे देशी गिरण्यांनीही तसंच केलं. साबण, काडेपेटी, बिडीचं बंडल, उदबत्ती, सगळ्यांवर लेबल आलं. दुकानदार दिवाळीला कॅलेंडर देऊ लागला. १९७३ पासून कालनिर्णय आलं आणि वर्ष संपलं की त्याची पानं फळीवर अंथरायला मिळू लागली.

आणि बायकांचा सगळ्यात हक्काचा कागद म्हणजे जिवतीचा. आषाढी अमावास्येला आपण जिवती म्हणतो, आणि श्रावणात लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतो. तो कागद आठवा. वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मध्ये लेकरांनी वेढलेली जिवती, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आधी हे चित्र भिंतीवर हाताने काढत, छापखाने आले आणि ते छापील मिळू लागलं. बाया ते भिंतीवर किंवा देव्हाऱ्याजवळच्या फळीवर लईने चिकटवत. म्हणजे कागद घेणं, जागा निवडणं, लई लावणं, सुरकुती न पडू देता दाबणं, हे कसब दर श्रावणात घराघरात होतच होतं.

लई कशी करायची तेही बायांनाच ठाऊक. मैदा किंवा कणीक थंड पाण्यात कालवायची, मग मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत ढवळायची. झुरळं लागू नयेत म्हणून काही जण त्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं, म्हणून ती लई लेकरांपासून दूर ठेवावी लागे. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. त्याआधी चिकटवलेलं सगळं जवळपास लईचं किंवा डिंकाचं समजा.

छापील चित्र मिळालं तरी बाया तिथे थांबल्या नाहीत. रविवर्म्याच्या लक्ष्मीला जरीचा काठ चिकटवला, टिकल्या लावल्या, कापडाची साडी नेसवली. अशी सजवलेली चित्रं आता वस्तुसंग्रहालयांत आणि संग्राहकांकडे मोठ्या मानाने ठेवलेली असतात. त्यांच्याखाली चित्रकाराचं नाव असतं, छापखान्याचं नाव असतं. जरी लावणाऱ्या बाईचं नाव बहुधा नसतं.

झाकणाच्या आतच का?

आता संदुकीकडे येते. काटोल, उमरेड, मौद्याकडे गटांच्या बैठकांना जाते तेव्हा मी जुन्या संदुका मुद्दाम बघते. बाहेरून गंज, पोचे आलेले. झाकण उघडलं की आत चित्रं! बहुतेक ठिकाणी चित्रं आतच आहेत. का बरं?

मला याचं उत्तर असं दिसतं. घर सासऱ्याच्या नावावर, शेत नवऱ्याच्या नावावर. भिंतीवर काय लावायचं ते घरातली मोठी माणसं ठरवणार. सुनेचं स्वतःचं काय? लग्नात माहेरून आलेली संदूक. तिला कुलूप, आणि किल्ली कमरेला. त्या झाकणाच्या आतल्या दोन-तीन वीत जागेवर तिचा हक्क होता. तिथे तिने आपल्या आवडीचं चित्र लावलं, जे झाकण उघडलं की फक्त तिला दिसेल.

कायद्याचा काळ लक्षात घ्या म्हणजे हे नीट कळेल. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशभर तो २००५ मध्ये झाला. त्याच्या आधीच्या कितीतरी बायांसाठी, ज्याला 'माझं' म्हणता येईल असं सामान म्हणजे ती संदूक आणि तिच्यातली लुगडी-डागिने. म्हणून मी म्हणते, झाकणातली चित्रं हा नुसता शौक नाही. तो बाईचा सात-बारा आहे.

एका संदुकीत मी तीन थर पाहिले. खाली लक्ष्मीचं चित्र. त्यावर साबणाच्या जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ. आणि सगळ्यात वर शाळेच्या पुस्तकातलं नकाशाचं पान. मी आजीला विचारलं, "नकाशा कशाला लावला?" ती म्हणाली, "लेक चौथी पास झाली ना! आमच्यातली पयली. तिचं पुस्तक फेकवलं नाही माह्याच्यानं." लग्न, बाळंतपण, लेकीची शाळा. तीन कागदांत एका बाईचं आयुष्य, तारीख-वार न लिहिता. अशी नोंद कोणत्या कार्यालयाच्या दप्तरात सापडेल?

आणि या संदुकांचं आज काय होतं? नवीन लोखंडी कपाट आलं की संदूक भंगारवाल्याकडे जाते. तो ती किलोवर मोजतो, पत्र्याच्या भावाने. चित्रांचं वजन काट्यावर भरत नाही. कधी उलटंही होतं. शहरातला एखादा व्यापारी गावात येतो, जुनी पेटी थोडक्यात घेऊन जातो आणि तीच पेटी दुकानात 'जुन्या काळची' म्हणून कितीतरी पटीने विकतो.

गटाने काय करावं

म्हणून प्रशिक्षण जरूर घ्या, कामही करा, पण चार गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, जुन्या संदुकीला रंग लावायच्या आधी झाकण उघडा. आत चित्रं असतील तर ती खरवडू नका, त्यावर नवा कागद लावू नका. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या म्हातारीला विचारून घ्या, कोणतं चित्र कधीचं, कुठून आणलं. सजावट बाहेरून करा.

दुसरी गोष्ट, काम पक्कं करा. पत्र्याचा गंज पॉलिश पेपरने घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग रंग. कागद जितका पातळ तितकी कडा कमी दिसते. फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा. कागद मधून कडेकडे ओल्या फडक्याने दाबत न्या, म्हणजे फुगे राहत नाहीत. पूर्ण वाळू द्या. मग वार्निशचे पातळ हात, दोन हातांमध्ये वाळायला वेळ आणि हलकी घासणी. घाईने दिलेला एक जाड हात तडकतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलं चित्र ओल्या फेविकॉलने पसरतं, त्यापेक्षा दुकानातली लेझर प्रिंट घ्या. चपड्याच्या पॉलिशवर गरम भांडं ठेवलं तर पांढरा डाग पडतो, म्हणून चहाच्या ट्रेला ते वापरू नका, पाण्याने न बिघडणारं वार्निश घ्या.

तिसरी गोष्ट, चित्रं आपली निवडा. बाजारात विलायती गुलाबाचे कागद मिळतात, तेच सगळीकडे दिसतात. आपल्याकडे पळसाचं फूल आहे, संत्र्याची फांदी आहे, पोळ्याचे सजवलेले बैल आहेत. गटातल्या एखाद्या पोरीचा हात चांगला असेल तर तिच्याकडून चित्र काढून घ्या आणि त्याच्या प्रती काढा. दुसऱ्याचं चित्र विकायच्या मालावर लावताना परवानगीचाही प्रश्न येतो, आपलं असलं की ती काळजी नाही.

चौथी गोष्ट, किंमत. इंग्लंडमधल्या त्या पुस्तकाचं नाव आठवा, बायकांची करमणूक. आपल्या कामाला अजूनही तसंच मोजतात, आणि बरेचदा आपणच मोजतो. हिशेब करताना रंग, कागद, फेविकॉल, वार्निश, गाडीभाडं सगळं लिहितो, आणि मजुरीच्या रकान्यात काहीच लिहीत नाही. "घरीच तर केलं" म्हणतो. समजा एका पेटीला घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत दोन बायांचे मिळून १० तास गेले. ते १० तास वहीत लिहा, गावात दिवसाची जी मजुरी चालते त्या हिशेबाने त्याचे पैसे धरा आणि मग किंमत सांगा. गिऱ्हाईक घासाघीस करेल. तेव्हा निदान आपल्याला माहीत असेल की आपण काय सोडतोय.

आणि पेटीच्या तळाला, आतल्या बाजूने, तीन गोष्टी लिहा: काम करणाऱ्या बाईचं नाव, गाव, वर्ष. पक्क्या रंगाने. चित्रशाळेने आपलं नाव चित्राखाली छापलं, रविवर्म्याच्या छापखान्यानेही छापलं, म्हणून आज आपण ती नावं घेऊ शकतो.

पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि कर्जाचं झालं की अर्धा तास राखून ठेवा. ज्या घरी बैठक असेल त्या घरची जुनी संदूक मधोमध आणा आणि तिथल्या आजीलाच झाकण उघडायला सांगा. ती काय सांगते ते गटाच्या सचिवाने वहीत लिहून घ्यावं, तिच्या नावासकट.